मागाच्या प्रोग्रामला दिलेलं कानबाईचं नाव

कडोदऱ्याहून निघून डिंडोलीचा पूल दिसेपर्यंत ज्योती तरातरा पायीच चालत आली होती. वाटेत माणसं भरत जाणाऱ्या शटल रिक्षात बसायला तिनं साफ नकार दिला; शेजारी कुणी बडबडलं तर मी त्याला फाडून खाईन, म्हणाली. घराशेजारच्या सरलाबाईकाकूंचा गुडघा ठणकत होता, तरी त्या मागोमाग चालत राहिल्या. पोरीला असं एकटं सोडायला त्यांचा जीव धजेना.

ज्योती उधन्याची, यंत्रमागांच्या वस्तीतली. तिचे वडील उखादादा तिथंच माग चालवतात. सूत संपलं किंवा लाइट गेली की माग थांबायचा आणि बोल कारागिराला लागायचा. हे बघत वाढलेल्या ज्योतीनं नोकरी सांभाळून मोबाइलसाठी एक प्रोग्राम लिहिला. माग कशामुळे थांबला ते कारागिरानंच नोंदवायचं. कोड इंटरनेटवर खुला ठेवला: कुणीही घ्या, कुणीही बदला. नाव दिलं कानबाई. श्रावणात खान्देशी घरांत बसते ती देवी कानबाई. तिच्या नावानं केलेलं काम तडीला जातं, ही घरची श्रद्धा. उखादादांनी तर मोबाइललाच हळदकुंकू वाहिलं.

मग कडोदऱ्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तो कोड उचलला, पार उलटा केला आणि कारखान्यांना विकला. आता नोंद व्हायची ती कारागीर मागापासून किती वेळ हलला याची. पाणी प्यायला गेला, लघवीला गेला, की हजेरी कापली. नाव मात्र तेच ठेवलं.

"तुनी कानबाईनी मनी हजेरी खादी," उखादादांच्या कारखान्यातला माणूस त्यांना तोंडावर म्हणाला. यंदा गल्लीतलं कुणी त्यांच्याकडे कानबाईच्या दर्शनाला फिरकलं नाही. दादा दारात बसून वाट बघत राहिले.

आज दोघी दुकानदाराला जाब विचारायला गेल्या, तर तो ताई म्हणावं तसं बेन म्हणत हसतच होता. बेन, कुणीही घ्या असं तुम्हीच लिहिलंय ना, नावाला हात लावू नका असं कुठं लिहिलंय? आणि ते खरंच लिहिलेलं नव्हतं.

पुलाखाली ज्योती थांबली.

"कोड नेला त्याचा राग नाही, काकू. पण देवीला मी रस्त्यावर उभी केली, आणि येणारा-जाणारा तिला शिव्या घालतोय."

नाव बदल, म्हणाल्या काकू, आणि यापुढे जो कोड बदलेल त्यानं आपलं वेगळं नाव ठेवावं, असं आधीच लिहून टाक. अन्नपूर्णा कसं वाटतं?

"परत देवच? उद्या अन्नपूर्णा हँग झाली म्हणून बोंबलतील."

काकूंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं.

"मागनोंद," ज्योती म्हणाली. "नुसतं मागनोंद. शिवी दिलीच तर मला दिली." तिथंच उभ्या उभ्या तिनं मोबाइलवर शोधलं, त्या नावाचं दुसरं काही सापडलं नाही.

मग आजच बदल की, असं काकू म्हणाल्या, तशी तिनं दादांचं सांगितलं. दादा ऐकत नव्हते. बसवलेल्या देवीला अशी हाकलतात का, हा त्यांचा सवाल होता, आणि काकूंनाही तो खोटा वाटेना.

ज्योतीनं ओढणीनं तोंड पुसलं. आवाजातली धार तशीच होती.

"त्या मेल्यानं तिला वापरली. मी तिला नीट बोळवणार. आई असती तर तिनं केलं असतं, मला यातलं काही येत नाही. नाव काढायच्या आधी तुम्ही तिची ओटी भराल, काकू?"