सहा इंचांची लीक

सेप फेन्विकला म्हातारपणी एकच गोष्ट हवी होती: क्लबच्या लीक-प्रदर्शनात पहिला नंबर. लीक म्हणजे कांद्याचीच थोरली बहीण, पण उत्तर इंग्लंडातल्या या खाणवाल्यांच्या गावात तिच्यापायी माणसं सख्ख्या भावाशी अबोला धरतात. सेप एकोणीस वर्षं दुसरा येत होता. हसू नका. दुसरा येणं फार जिव्हारी लागतं.

नियम बापजाद्यांपासूनचा: मुळापासून पहिल्या पानापर्यंत पांढरी दांडी सहा इंच, त्याहून एक रेघही जास्त नाही. आखूड राहिली तर माप कमी भरतं, जास्त झाली तर बाद. सेप दांडीला कागदी पट्टा गुंडाळून तिला कणाकणाने चढवायचा आणि बरोबर सहावर आणून थांबवायचा. एवढी छाती गावात दुसऱ्या कोणाची नव्हती.

त्या वसंतात बायकोच्या, आयरीनच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि सेपची क्लबची सभा चुकली. पुढे उन्हाळाभर दर रविवारी राल्फ हेस्लॉप वाफ्यावर यायचा. क्लबचा चिटणीस, खाणीतला जोडीदार. टेप स्वतः धरायचा.

"सहा इंच. बरोब्बर. यंदा तूच रे म्हाताऱ्या."

सप्टेंबरात बाहेरगावच्या परीक्षकाने पोलादी पट्टी लावली. "एकशे बावन्न मिलिमीटर. मर्यादा दीडशेची. बाद."

"सहा इंच आहे ती," सेप म्हणाला.

"इंच गेले, आजोबा. तुमच्याच क्लबने वसंतातल्या सभेत ठरवलं. दीडशे, गोल आकडा."

जेमतेम गव्हाच्या दाण्याची जाडी, आणि तेवढ्यावर वर्ष पाण्यात. पहिला नंबर राल्फचा. त्याची दांडी एकशे एकोणपन्नास.

सेपने त्याला बाजूला घेतलं. "तुला ठाऊक होतं."

"कागद फळ्यावर लावला होता की."

"टेप तू धरत होतास, राल्फ."

"तू इंचात विचारलंस, मी इंचात सांगितलं. खोटं बोललो का?"

खोटं नव्हतंच, तीच तर मेख. मेल्याने केसाने गळा कापला होता.

घरी आयरीन म्हणाली, "जाऊ दे रे. लीकच ती. पुढल्या वर्षी लाव."

"लीकचं नाही गं," सेप म्हणाला. "तीस वर्षं खाणीत हा राल्फ छत ठोकून बघायचा, म्हणायचा पक्कं आहे, की मी खाली शिरायचो. एकदाही मान वर करून बघितलं नाही."