डॉलरवरची हळद

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात सगळे मला अबोल म्हणतात, लाजरी म्हणतात — आणि लाजऱ्या मुलीवर कोण संशय घेतं?

सुषमा माझी मावसबहीण. नागभीडजवळच्या गावात तिचे आईवडील तलावात मासे धरतात. मी बल्लारपूरची, इंग्रजी शाळेतली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली. लग्नाकार्यात भेटलो की सगळ्यांसमोर म्हणायची, "काऊन वं ताई, इंग्लिश शाळेत बोलाले पैसे लागतात का?" सगळे हसायचे. मीही हसायचे. तिचं काय चुकत होतं? काहीच नाही. मला ती आवडत नव्हती, एवढंच.

ती कराटे खेळायची. श्रीलंकेतल्या एका स्पर्धेसाठी तिची निवड झाली. तेव्हा तिथं चलनाचं संकट होतं. बँकांत डॉलर नव्हते, पेट्रोलला रांगा होत्या. म्हणून प्रवेश फी तिथं पोचल्यावर रोख डॉलरमध्येच भरायची होती. आमच्या नात्यात पहिला पासपोर्ट मी काढला होता. त्यावर एकही शिक्का नव्हता — आणि विमानात बसणार होती ती.

डॉलर घ्यायला नागपूरला मी सोबत गेले, इंग्रजी येतं म्हणून. काउंटरवरच्या माणसानं नोटा प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आणि मला इंग्रजीत बजावलं — घडी नको, काही लिहू नका, डाग तर अजिबात पडू देऊ नका, तिकडे अशी नोट घेत नाहीत.

"काय म्हणून राह्यले?" सुषमानं विचारलं.

"जपून ठेवा म्हणतात," मी म्हणाले.

हे खोटं होतं का? तेव्हा वाटलं, नाही.

निघायच्या सकाळी मावशीनं तिला पाटावर बसवून ओवाळलं. मग पाकिटातून नोटा काढल्या आणि ओल्या हळदीचं बोट एकेकीवर टेकवायला लागली. लांब निघालेल्या माणसाच्या हाती तिच्या घरी कोरा पैसा देत नाहीत.

"अवं, गोऱ्याइच्या नोटा हायेत त्या," काका म्हणाले.

"गोऱ्याइच्या असो का कोनाच्या, लक्ष्मी हाय. कोरी कशी देऊ पोरीले?"

पहिल्या नोटेच्या वेळी मी विसरले होते, असं म्हणता येईल. दुसरीला आठवलं. मावशी अगदी नेमकं, नोटेवरच्या त्या गोऱ्या साहेबाच्या कपाळावर बोट लावत होती. सगळे हसत होते. आणि मला — हे कसं सांगू — मला मजा येत होती. एक शब्द पुरला असता. "ताई, तू बी लाव ना," सुषमा म्हणाली. शेवटची नोट मी घेतली. बोट बुडवलं. लावलं.

ती पोचली त्याच संध्याकाळी फोन आला. आयोजक नोटा घेत नव्हते. सोबत गेलेल्या कराटेच्या सरांकडे, बाकीच्या मुलींकडे आपापल्यापुरतेच डॉलर होते आणि नावनोंदणी थोड्याच वेळात बंद होणार होती. "हळद लागली म्हून घेत नाई म्हणतात. ताई, तू बोल ना त्याइच्यासंग. फोन देते."

मी म्हणाले, "तू काय सांगितलंस त्यांना?"

तिनं तिच्या तुटक्या इंग्रजीत म्हणून दाखवलं.

"असं बोलल्यावर कोण ऐकेल?" मी म्हणाले, आणि आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

बाहेर कुणीतरी त्या नोटा निम्म्या भावात घेतल्या. त्यात जेवणखाण निघालं, फी निघाली नाही. बाकीच्या मुली खेळल्या. ती प्रेक्षकांत बसून परत आली.

मावशी रडत होती — माह्याच हातानं झालं म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं काही चुकलं नाही, मावशी. हळदीचं काय एवढं? हिला नीट सांगता आलं नाही." सुषमा समोरच बसली होती. मान खाली घालून तिनं ते कबूल केलं. घरी सगळे म्हणाले, पोरगी बोलत नाही, पण किती समजूतदार आहे.

ती पुन्हा खेळली नाही. आता ती जंगल सफारीच्या गेटजवळ बांबूच्या वस्तूंच्या दुकानात बसते. मागच्या हिवाळ्यात मी तिथं गेले होते. दोन परदेशी बायका आत आल्या, तशी ती उठून मागच्या खोलीत गेली. जाता जाता हळूच म्हणाली, "तू बोल ताई, मले नाई जमत." तीच सुषमा — जिच्यापुढं लग्नघरात कुणाची बोलायची टाप नसायची.

मी बोलले. छान बोलले. त्यांनी दोन टोपल्या घेतल्या.

त्या गेल्यावर ती बाहेर आली. "तुह्यासारखं बोलता आलं असतं, तं तेव्हा खेळाले भेटलं असतं मले," म्हणाली. "हाय ना वं?"

मी हो म्हणाले.