कर्नलसाहेबांचा पूर्ण पत्ता

आमच्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या ठाण्यात सापडायचा नाही, आणि असा सरळ माणूस घरात असणं ही काय शिक्षा असते ते माझ्या मेहुणीला विचारा. हे घोडबंदर रोडच्या एका कंपनीत कर्नलवर काम करतात. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पार पोटातला प्रोग्राम. आमच्या सासूबाईंनी मात्र लग्नाआधीच नौपाडाभर "जावई कर्नल आहेत" असं सांगून टाकलं. सोसायटीचा वॉचमन अजून त्यांना सलाम ठोकतो.

साडूंचं तत्त्वज्ञान एकच. "बाहेरच्या प्रोग्रामने कर्नलला हाक मारायची. कर्नलने आपणहून बाहेरचा प्रोग्राम सुरू करायचा म्हणजे अगदी शेवटचा उपाय. तेव्हा पूर्ण पत्ता द्यायचा, आणि तो प्रोग्राम नुसता सुरू झाला की आपण मोकळे, का तो संपेपर्यंत थांबायचं, हेही आधीच सांगायचं." हे ऑफिसातच ठेवलं असतं तर देव पावला असता! पण हे गृहस्थ पानात मीठ नसलं तरी गप्प. फारच जिवावर आलं तर म्हणणार, "स्वयंपाकघर, वरचं फडताळ, डावीकडची बरणी, मीठ. थांबतो." मेहुणी आतून ओरडते, "उठायला काय धाड भरलीय तुम्हाला?"

इथवर गंमत होती. पण लेकीने चांगली नोकरी सोडून डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र काढलं, बापलेकीची खडाजंगी झाली आणि पोरगी तिकडेच राहायला गेली. "तिने हाक मारावी, मी आहेच," म्हणून साडू मख्ख बसले. लेकही त्यांचीच, मारतेय कशाला हाक! मेहुणी बिचारी झुरायला लागली. शेवटी एका रविवारी मी भडकलो. "अहो कर्नलसाहेब, शेवटचा उपाय म्हणजे नेमका कधी? तुमच्या तेराव्याला?"

साडूंनी निमूट फोन लावला. "डोंबिवली पूर्व, पोळी-भाजी केंद्र, गल्ल्यावर बसलेली माझी मुलगी."

"बाबा, मीच बोलतेय."

"जेवायला ये."

"दुकान आवरून निघेन. उशीर होईल हं."

"थांबतो."

आम्ही सगळे जेवून उठलो तरी हा माणूस पान पुढ्यात घेऊन तसाच बसलेला. ती आली, पानाकडे एकदा बघितलं, आणि कुणी काही सांगायच्या आत वरच्या फडताळातली बरणी काढून मीठ वाढलं. साडू खाली मान घालून भात कालवत राहिले.

"अगंबाई," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कर्नल असून रडतात?"