विल्माच्या बरणीतले प्रश्न

विल्मा ट्रेलोरच्या घरी गुरुवारी आधी पृथ्वी फिरायची, मग चूल पेटायची. ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावच्या टपाल कचेरीतून ती घरी आली की मुलांपैकी एकाने डोळे मिटून पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि बोट टेकवायचं. जो देश निघेल तिथलं जेवण. बोट समुद्रात पडलं तर टोस्ट आणि डब्यातला घेवडा. ब्रेंडनला घेवडा आवडे, म्हणून हे लबाड कार्टं बोट मुद्दाम खालच्या अंगाच्या समुद्राकडे न्यायचं. सारं गाव मटण-बटाट्यावर खूश असताना हिच्या घरातून पेरू देशातल्या, लेबननमधल्या जेवणाचे वास सुटत आणि शेजारणी नाकं मुरडत.

दुसरा नियम प्रश्नांचा होता. चौघांनी एकेक प्रश्न चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकायचा आणि खरं उत्तर मिळेपर्यंत कुणी टेबलावरून उठायचं नाही. देवमाशाला कंटाळा येतो का, यावरून एकदा बापलेकांची अशी जुंपली की रस्सा गार झाला.

आता नवऱ्याला, रॉसला जाऊन नऊ वर्षं झाली होती, लेक जोसलिन डब्लिनला होती, ब्रेंडन पर्थला. विल्मा मात्र अजून गोल फिरवायची. रविवारच्या फोनवर ती ब्रेंडनला सांगे, गुरुवारी शेजारच्या मिसेस पेंगेली जेवायला येतात, हसून हसून पुरेवाट होते. एकटीचे हाल कळले तर तो हे घर विकून तिला वृद्धांच्या वसाहतीत नेऊन ठेवणार, याची तिला धास्ती होती. थाप एकदाच मारली होती, पण ती निभावण्यात तीन वर्षं गेली.

शाळेच्या सुट्टीत ब्रेंडन कामासाठी ॲडलेडला आला, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला, टिलीला घेऊन गुरुवारी येतो म्हणाला. या खेपेला गोल सोमवारीच फिरवला, तर इथिओपिया निघाला. विल्माने तीन दिवस पीठ आंबवून जाळीदार पोळ्या केल्या, मसूर शिजवली, जेवण सातला ठेवलं. पोरांना साडेपाचलाच खाऊ घालतात, हे ती साफ विसरली होती. दोघं आले ते वाटेत बटाट्याच्या काचऱ्या खाऊनच.

"एक घास खातो आई, मग निघतो. पुढे दोन तासांचा रस्ता आहे," ब्रेंडन म्हणाला. गाडीची किल्ली त्याने हातातच ठेवली होती. विल्माला फार लागलं ते, पण ती वाढत राहिली.

टिलीने तेवढ्यात बरणी उपडी केली होती. "आजी, हे सगळं तूच लिहिलंस? अक्षर एकच आहे."

बरणी रिकामी करायची राहून गेली होती. प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर एकेक नाव होतं: रॉस, जोसलिन, ब्रेंडन. रॉस विचारत होता, मीठ कमी का. जोसलिन विचारत होती, डब्लिनला कधी येतेस. ब्रेंडनच्या नावाच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त होत्या आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न होता. टिलीने तो मोठ्याने वाचला, "आई, आज दिवस कसा गेला?"

"मग गुरुवारी जेवायला कोण येतं?" टिलीने विचारलं.

"मिसेस पेंगेली येतात," ब्रेंडन म्हणाला.

"मी आजीला विचारलंय."

टेबलावर खोटं चालत नसे. नियम विल्मानेच घालून दिला होता. "कुणी येत नाही गं," ती म्हणाली. "मिसेस पेंगेली तीन वर्षांपूर्वीच लेकीकडे राहायला गेल्या."

ब्रेंडन बराच वेळ चिठ्ठ्या चाळत राहिला. आता घराचा विषय निघणार, हे विल्माने ओळखलं.

"घराचं आपण नंतर बोलू," तो म्हणाला. त्याने किल्ली फळीवर ठेवली, खुर्ची ओढून बसला आणि पोळीचा तुकडा मसुरीत बुडवला.

"आई, आज दिवस कसा गेला?"

उत्तर मिळेपर्यंत कुणी उठायचं नव्हतं. विल्माने सावकाश पाण्याचा घोट घेतला, टिलीच्या ताटात पोळी वाढली, मीठ पुढे सरकवलं, आणि उत्तर द्यायची अजिबात घाई केली नाही.