आमटीची परीक्षा

डॉट-कॉमचा फुगा फुटूनही परदेशातल्या शॉमबर्ग गावातली माझी नोकरी टिकली, या आनंदात मी माझ्यापेक्षा वयाने मोठी, दांडग्या इंजिनाची मसल कार घेतली. घराण्यातला पहिला पदवीधर असल्याने माझ्या अकलेवर सगळ्यांचा विश्वास होता, बायको सोडून. गाडीला जुने ड्रम ब्रेक होते, ती थांबवायला पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागे. बायकोने बजावलं, "मंडळाच्या गणपतीला आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन बसेन. थेंब जरी सांडला, तर गाडी विकायची."

मी देवाचे आणि माझ्या कॉलेजचे आभार मानत, दोन शनिवार खपून पॉवर ब्रेकचा बूस्टर बसवला. आता पेडलला नुसता पाय लावला तरी पुरे होतं. हे डोक्याला कळलं होतं, पायाला नव्हतं. गणपतीच्या दिवशी पहिल्याच स्टॉप साइनला मी सवयीने पेडलवर उभा राहिलो. गाडी जागच्या जागी थांबली. आमटी मात्र पुढे गेली.

काचेवरून ओघळणाऱ्या कोथिंबिरीकडे बघत बायको म्हणाली, "ब्रेक चांगले आहेत. ड्रायव्हर बदलायला हवा. ऊठ!"

गाडी विकली नाही. मंडळात जाताना पातेलं मात्र आता मी धरतो.