दादांनी धुतलेली मालगाडी

बर्मिंगहॅममध्ये मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि छोट्या आगगाड्या जमवणारे गोरे म्हातारे त्याहून पुष्कळ आहेत. पण मराठी डॉक्टर असून आयर्लंडच्या मालगाड्यांमागे लागलेला माणूस एकच, श्रीकांत वाळिंबे. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. रिटायर झाल्यावरही त्यांचं तेच काम चालू आहे, फक्त आता औषध लागत नाही, ते आयरिश रेल्वेबद्दल बोलायला लागले की पुरतं, असं त्यांची बायको अलका सांगते. अलकाची सगळी नोकरी लॅबमध्ये गेली, त्यामुळे ती पुराव्याशिवाय बोलत नाही.

हे वेड लागलं चौऱ्याऐंशी साली. श्रीकांतरावांची पहिली नोकरी आयर्लंडात होती, लिमरिकच्या बाजूला. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून रूळ दिसायचे आणि रोज सकाळी त्यांवरून सिमेंटची मालगाडी जायची. प्रत्येक डब्यावर एक गरगरीत पोटाची टाकी. सिमेंट सांडून, त्यावर पाऊस पडून, मग पुन्हा सिमेंट सांडून त्या टाक्यांचा मूळ रंग कुणालाच सांगता आला नसता. घरच्या आठवणीने रडू फुटायच्या बेताला ती गाडी यायची आणि श्रीकांतराव डबे मोजायला लागायचे. अठरा डबे मोजून होईपर्यंत रडू मागे सरलेलं असायचं. हे उपकार ते विसरले नाहीत.

म्हणून त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे सोळा फूट लांबीचं आयर्लंड होतं: एक स्टेशन, एक सिग्नल केबिन, पाच गाई आणि ती अठरा डब्यांची मालगाडी. आता आयर्लंडच्या दोन रुळांमधलं अंतर इंग्लंडपेक्षा साडेसहा इंच जास्त. दुकानात मिळणाऱ्या तयार रुळांवर गाडी चालवून बहुतेक लोक मोकळे होतात. श्रीकांतरावांनी मात्र खऱ्या मापाचे रूळ एकेक करून हाताने बसवले. परिणाम असा झाला की क्लबातल्या कुणाचंही इंजिन त्यांच्या रुळांवर चालेना आणि त्यांचं कुणाच्या चालेना. क्लब म्हणजे तीन बसस्टॉप पलीकडे, चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी भरणारा. तिथल्या वार्षिक प्रदर्शनात अकरा वर्षं श्रीकांतराव चहाच्या टेबलामागे उभे होते. एक भूलतज्ज्ञ माणूस, ‘मिल्क? शुगर?’ करत.

यंदा मात्र सेक्रेटरी कीथने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की प्रदर्शनात मधल्या भिंतीजवळची सोळा फूट जागा तुझी. श्रीकांतराव घरी आले ते जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून. गुडघ्याने त्याचा हिशेब नंतर आठवडाभर वसूल केला.

इथे या छंदातली एक गोष्ट सांगायला हवी. या मंडळींना नवा चकचकीत डबा चालत नाही. दुकानातून तो आणायचा आणि मग महिनोन्‌महिने बसून त्याला मळवायचं. पावडरी, पातळ रंग, अगदी बारीक ब्रश. गंज कुठे धरेल, तेल कुठे ओघळेल, सगळं ठरवून. याला ते वेदरिंग म्हणतात. श्रीकांतरावांनी त्या अठरा डब्यांना दीड वर्ष मळवलं होतं. वरून वॉर्निशचा एक हात मारला की घाण पक्की होते, तो हात शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवला होता.

आणि तो शेवटचा आठवडा उजाडायच्या तीन आठवडे आधी साताऱ्याहून दादा आले.

पद्माकरदादा म्हणजे श्रीकांतरावांचे थोरले भाऊ, अकरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे श्रीकांतला शाळेत घालण्यापासून विमानात बसवण्यापर्यंत सगळं दादांनी केलेलं. नगरपालिकेत चौतीस वर्षं ते आरोग्य निरीक्षक होते. ते येताहेत असं कळलं की हॉटेलवाले आधी फडकं शोधायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर, पत्नी जाऊन तीन वर्षं झालेली, तीन महिने धाकट्याकडे राहायला आले होते. पण रिकामं बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातला धुराचा पंखा उकलून धुतला. दुसऱ्या आठवड्यात कुंपणावरचं शेवाळ काढलं. मग कौन्सिलच्या कचऱ्याच्या तिन्ही बिन्स आतून साबणाने घासून उन्हात उपड्या ठेवल्या. समोरच्या बाई बघायला आल्या आणि जाताना स्वतःचीही बिन ठेवून गेल्या.

प्रदर्शनाच्या आठवड्यात, मंगळवारी, श्रीकांतराव आणि अलका लंडनजवळ स्टॅनमोरला गेले. अलकाच्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. दादा म्हणाले, तुम्ही जा, मला कारचा प्रवास सोसत नाही. दोघं बुधवारी संध्याकाळी परतले, तर दादा दारातच उभे.

“श्रीकांत, गॅरेजमध्ये ये जरा,” ते म्हणाले. आवाजात असं काही होतं की श्रीकांतराव कोट न काढताच गेले.

पांढऱ्या टॉवेलवर अठरा डबे ओळीने वाळत ठेवले होते. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. दीड वर्षातल्या घाणीचा मागमूस उरला नव्हता. प्रत्येक टाकी दुधाच्या सायीच्या रंगाची, बाळासारखी गुटगुटीत.

“दोन दिवस लागले,” दादा म्हणाले. “किती दिवस हात लावला नव्हतास रे यांना? प्रदर्शनात मांडणार म्हणतोस आणि ही अवस्था. लोक काय म्हणाले असते, वाळिंब्यांच्या घरचं आहे म्हणून?”

श्रीकांतरावांनी ऑपरेशन थिएटरात पेशंटचं हृदय थांबलेलं पाहिलं होतं, पण इतके गार ते तेव्हाही पडले नव्हते. त्यांनी दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दादांच्या बोटांना पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या.

“छान झालंय, दादा,” ते म्हणाले.

बेडरूमचं दार लावून अलका म्हणाली, “श्रीकांत, जस्ट टेल हिम. ही इज अ रीझनेबल मॅन.”

“तू त्यांना आरोग्य निरीक्षक म्हणून काम करताना बघितलं नाहीस.”

“अरे तू सदुसष्ट वर्षांचा आहेस.”

“त्यांच्यासमोर नाही,” श्रीकांतराव म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं. दादांसमोर ते नववीत असायचे.

तेव्हा त्यांनी चोरून काम करायचं ठरवलं. गुरुवारी जेवण झाल्यावर दादा जरा आडवे झाले, तशी श्रीकांतरावांनी गॅरेज गाठलं आणि दोन तासांत चार डबे बऱ्यापैकी मळवले. मग चहाला आत आले. अलकाने विचारलं, किती झाले, त्यांनी चार बोटं दाखवली. बिस्किट बुडवून खाल्लं, दुसरंही खाल्लं. परत गॅरेजमध्ये जातात तर दादा कोपऱ्यातल्या सिंकपाशी उभे, आणि चारही डबे पुन्हा सायीसारखे.

पण दादा खूश नव्हते. ते टूथब्रशकडे बघत होते.

“हे चार माझ्या हातून राहिलेच होते की रे,” ते हळू म्हणाले. “मी तर सगळे धुतले म्हणून तुला दाखवले. नजर गेली, का डोकं जायला लागलं, कोण जाणे.”

खरं सांगायची हीच वेळ होती, आणि श्रीकांतरावांनी ती घालवली. “होतं असं, दादा,” एवढंच ते म्हणाले. दादा त्या संध्याकाळी नेहमीसारखे बातम्यांवर बोलले नाहीत. जेवताना त्यांनी मीठ घेतलं, आणि घेतलं की नाही हे अलकाला विचारलं. श्रीकांतरावांनी ताट बाजूला सारलं. अठरा डब्यांचं दुःख एकदम लहान झालं.

शुक्रवारी सकाळी नऊला कीथ रूळ बसवलेल्या बोर्डांची मापं घ्यायला आला. मोठा, लाल गालांचा, मनात येईल ते बोलणारा माणूस. गॅरेजमध्ये शिरला आणि त्याची टेप हातातच राहिली.

“डबे नवे घेतलेस?” त्याने इंग्लिशमध्ये विचारलं. “ते कुठे गेले, मळलेले? दीड वर्ष खपला होतास. क्लबात त्यांचीच चर्चा आहे. तुला जागा मिळाली ती त्या घाणीमुळे, श्री.”

दादा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांना इंग्लिश उत्तम कळत असे. चौतीस वर्षं त्यांनी त्याच भाषेतले नियम वाचून नोटिसा काढल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, कीथला साखर विचारली, आणि मागच्या बागेत जाऊन खुर्चीवर बसले.

कीथ गेल्यावर श्रीकांतराव तिथे गेले. दुसरी खुर्ची ओढून शेवाळ काढलेल्या कुंपणासमोर बसले.

“कालचे ते चार डबे,” दादा म्हणाले. “माझ्याकडून राहिले नव्हते?”

“नाही. तुम्ही धुतले होते. मी परत मळवले.”

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे.”

“आहे, दादा.”

दादांनी मोठा श्वास सोडला. “रात्री डोळ्याला डोळा नाही माझा. म्हटलं, आता आपण परस्वाधीन होणार. हिची आई गेली तशी.” हिची म्हणजे त्यांच्या पत्नीची. शेवटची चार वर्षं त्या सासूबाईंना आपलीच माणसं ओळखू येत नव्हती. “आणि तू ऐकून घेतलंस. होतं असं म्हणालास.”

“चुकलं माझं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“वाईट वाटलं असतं. अर्धा तास वाटलं असतं,” दादा म्हणाले. “त्यापेक्षा तू मला वेडा ठरवलंस. घोडा झालास तरी अक्कल नाही.” श्रीकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

मग दादा उठले. “त्या खऱ्या गाडीचा फोटो असेल ना? भिंग आण.”

फोटो जुना, क्वार्टर्सच्या खिडकीतून काढलेला. दादांनी तो स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून दहा मिनिटं पाहिला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “तुझी घाण चुकीची होती.”

“काय?”

“मी धुताना बघितली ना. सगळीकडे सारखी फासली होतीस, भिंतीला चुना दिल्यासारखी. घाण अशी नसते. घाणीला शिस्त असते. हे वरचं झाकण बघ. इथून सिमेंट सांडणार, पावसात ते जागच्या जागी घट्ट होणार, खाली ओघळ येणार तो बारीक होत होत. पोटाच्या खालच्या बाजूला पाऊस लागत नाही, तिथे नुसती कोरडी धूळ. आणि ही शिडी. इथे माणसं बूट घासत चढतात, तिथे घाण धरणारच नाही, लोखंड चमकणार. पाण्याच्या टाकीच्या बांधकामावर दोन वर्षं होतो मी. आयुष्यभर दुसरं केलं काय? घाण कुठे लपते तेच शोधलं.”

श्रीकांतरावांनी पावडरींचे डबे आणले. दादांनी राखाडी रंगाची पावडर चिमटीत घेतली आणि नापसंतीने परत ठेवली. फार जाड. मग त्यांची नजर देवघराकडे गेली. उदबत्तीच्या घरात आठवड्याची राख साठली होती, मऊ, फिकट, पिठाहून बारीक.

“दादा, ती देवाची आहे,” अलका म्हणाली.

“देवाला रोज नवी मिळते,” दादा म्हणाले. तरी घेण्याआधी त्यांनी हात जोडले.

अकरा वाजता बसले ते दोघे संध्याकाळी सहाला उठले. दादा सांगत होते, श्रीकांतराव ब्रश मारत होते, आणि चौथ्या डब्यानंतर दादांनी ब्रश स्वतःकडेच घेतला. त्यांच्या शर्टाच्या बाहीला, नाकाला, चष्म्याला राख लागली होती. अलकाने टेबलावर वर्तमानपत्र पसरू का म्हणून विचारलं, तर त्यांनी तिला नंतर ये म्हणून सांगितलं. असं त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी श्रीकांतरावांनी वॉर्निशचा हात मारला, आणि वीस मिनिटं दादांना सिंकपासून लांब बसवून ठेवलं. खबरदारी म्हणून.

शनिवारी प्रदर्शनात मधल्या भिंतीजवळ गर्दी होती. अठरा डबे गोल फिरत होते. दादा कोट-टाय घालून बाजूला उभे होते, आणि कुणी भिंतीला टेकलं की त्याच्याकडे बघत होते. दुपारी एक आयरिश म्हातारा आला. काठी टेकत पुढे झाला आणि गाडी स्टेशनात थांबली तशी वाकून बघत राहिला. या गाड्या भरायच्या सिमेंट यार्डात तो एकोणीस वर्षं होता, असं त्याने नंतर सांगितलं. हात लावू नये अशी पाटी होती तरी त्याने एक बोट एका टाकीवरून अलगद फिरवलं, आणि मग, लक्षातही न येता, ते बोट आपल्या पॅंटला पुसलं.

वॉर्निशवरून बोटाला काही लागणं शक्यच नव्हतं. श्रीकांतराव, कीथ, दादा, तिघांनीही ते पाहिलं.

“हे कुणी केलं?” म्हाताऱ्याने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

श्रीकांतराव बोलणार होते. पण दादा एक पाऊल पुढे आले आणि चौतीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी इतरांची खरडपट्टी काढली त्याच आवाजात, अगदी ताठ उभे राहून म्हणाले,

“सर, दॅट डर्ट इज माइन.”