शाबासकीचे पैसे

कोणाची लघवीची तपासणी स्वच्छ आली की डॉक्टर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायचे. नुसत्या बसल्या-बसल्या नाही, उभं राहून. मग बाकावरच्या सगळ्यांनाही वाजवाव्या लागत.

"शिव्या फुकट मिळतात हो," ते म्हणायचे, "शाबासकीला पैसे लागतात."

ते पैसे मिळवण्यासाठीच बिचारे सुरतेच्या कापडबाजारात शेठ लोकांचे जिने झिजवत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथल्याच नवागाम वस्तीत दोन खोल्यांत त्यांचा प्रयोग चालायचा. गर्द ओढणाऱ्या लूम कामगाराचा आठवडा कोरा गेला की टाळ्या आणि एक स्टीलची वाटी. औषधांना पैसे देणारे भेटत. वाट्यांना कोण देणार?

वाट्यांचं खातं माझ्याकडे. मी तेव्हा नवी पदवी मिरवणारी, नाक छतापर्यंत. मी प्रत्येक वाटीवर माझ्याच अक्षरात ठसठशीत कोरून घेतलं: 'व्यसनमुक्ती प्रयोगाची भेट'. वर डॉक्टरांना दाखवायला नेलं, हुशार ना मी!

शेजारच्या डिंडोलीच्या शोभाबाईंनी नवऱ्याला मिळालेली वाटी परत आणून टेबलावर आपटली आणि अहिराणीत कडाडल्या, "पाव्हनासले यामा भाजी वाढू का ताई? मन्ही पोरनं लगीन शे!"

पुढच्या आठवड्यात बाकं रिकामी. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात वाट्यांचा खर्च देणारे एकमेव शेठ येणार होते, पुढच्या वर्षाचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवायला.

डॉक्टरांनी पडून राहिलेल्या वाट्यांचा ढीग पाहिला. मी रडायच्या बेतात. ते उठले आणि टाळ्या वाजवल्या! "वा, अक्षर काय सुंदर आलंय!"

दुपारी त्यांनी बोलावलेला, भांड्यांवर नावं घालणारा मशीन घेऊन दारात बसला. नव्या वाट्यांवर नाव बायकोचं. बातमी चाळीत पसरली. शेठ आले तेव्हा बायका नवऱ्यांना दंडाला धरून रांगेत उभ्या. प्रत्येकीला सेट पुरा करायचा होता.

शेठ म्हणाले, "डॉक्टरसाब, छोडनेवाले को इनाम? मैंने तो कभी छुआ ही नहीं. मुझे क्या?"

डॉक्टर उठले. शेठसाठी टाळ्या वाजल्या, साऱ्या रांगेनं वाजवल्या. शेठ लाजून लाल.

"वाटीपे मेरे पिताजी का नाम डालो," ते खुशीत म्हणाले.

शोभाबाई पुढे झाल्या. "वो नहीं चलेगा, शेठ. मेरे नाम के लिए इसने हफ्ताभर छोडा है."

संपलं, म्हटलं. पण डॉक्टर लगेच म्हणाले, "दरवाज्यावर घालू ना! वडील, आजोबा, सगळे बसतील." दारावर पाटी लागली, प्रयोगाला आणखी एक वर्ष मिळालं.

माझं लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आहेर दिला: नाकारलेल्या वाट्यांपैकी एक. "अक्षर तुमचंच आहे. दुसरं कोण घेणार?"

घरी पाहुणे ती वाटी वाचतात आणि माझ्याकडे चोरून बघतात. नात विचारते, "आजी, तू काय घेत होतीस गं?" मी म्हणते, "सगळंच!"

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. कळलं त्या दिवशी नातीनं त्याच वाटीतली कारल्याची भाजी तोंड वेडंवाकडं करत संपवली. मी गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीतून उठले. उभं राहून टाळ्या वाजवल्या.